उपाशी गाडीचे हबीबभाई

आमच्या सोसायटीतली कुठलीही गाडी कुरकुरली, की हबीबभाई आधी तिच्या बॉनेटवर उलटा हात ठेवतात. लेकराचा ताप बघावा तसा. डोळे मिटतात, चार-पाच श्वास थांबतात आणि सांगतात, "अंग तापलंय हिचं. आत्ता हात लावायचा नाय. पडू द्या जरा."

गाडी पडलेलीच असते. तिला उठून कुठं जाता येत नाही म्हणून तर त्यांना बोलावलेलं असतं. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतात, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

सय्यद हबीब मेकॅनिक नाहीत. त्यांनी कधी गॅरेजमध्ये काम केलेलं नाही. ते बत्तीस वर्षं एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचे मदतनीस होते. टेबल मांडायचं, अवजारं उकळायची, रक्त ओढून घेणारं सक्शन मशीन चालू ठेवायचं आणि पोटात घातलेले कापसाचे बोळे तेवढेच बाहेर आले का ते मोजायचं. मी मोजणी खात्यातला माणूस. शेतांच्या हद्दी मोजण्यात माझा जन्म गेला. तरी मोजायची सवय माझ्यापेक्षा त्यांची पक्की. अजूनही ते जेवून उठताना ताटातल्या वाट्या मोजतात.

हे लिहायला बसलोय त्याला कारण आहे. सात वर्षांपूर्वी हबीबभाईंवर एक आळ आला. त्यांनी माझ्या मुलाच्या गाडीचं इंजिन खलास केलं, असं सगळ्यांनी ठरवलं. ते इंजिन त्यांनी खलास केलेलं नव्हतं. मी केलं होतं. ते कसं, हे सांगणारच आहे. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर माझी चूक केवढी होती ते कळायचं नाही.

गाडीच्या इंजिनातलं तेल ठराविक काळानं बदलावं लागतं, हे गाडीवाल्यांना ठाऊक असतं. सगळं जग ते खालून काढतं. मिस्त्री गाडीखाली पाठीवर सरपटत शिरतो, तळाचा बोल्ट सोडतो, काळं तेल घमेल्यात पडतं, थोडं मिस्त्रीच्या कोपरावर ओघळतं. हबीबभाईंना ही पद्धत कसाईखान्याची वाटते. ते तेल वरून काढतात. इंजिनात तेल किती आहे ते बघायची एक पट्टी असते. ती उपसायची. तिच्या जागी बारीक नळी सोडायची, तळाला टेकेपर्यंत. नळीचं दुसरं टोक एका बंद डब्याला. डब्याच्या डोक्यावर दांडा असतो, तो सायकलच्या पंपासारखा खालीवर करायचा. सायकलचा पंप हवा भरतो, हा पंप डब्यातली हवा उपसतो. हवा गेली की तिची जागा घ्यायला तेल आपल्या पायानं नळी चढून येतं. ना गाडीखाली झोपायचं, ना हात काळे करायचे.

हे यंत्र त्यांच्या मुलीनं, रुखसानानं, मस्कतहून आणलं. तिनं फोनवर विचारलं होतं, "अब्बा, येताना काय आणू?" लोक अत्तर सांगतात, खजूर सांगतात, फार तर घोंगडीएवढं ब्लँकेट सांगतात. यांनी तेल ओढायचा पंप सांगितला. ती बिचारी त्याचा फोटो घेऊन दुकानं हिंडली. यंत्र आलं त्या दिवशी हबीबभाईंनी ते पार्किंगमध्ये टेबलावर ठेवून पांढऱ्या कापडानं झाकलं, आणि सगळ्यांना बोलावून कापड काढलं. त्यांची बायको, आमच्या भाभीजान, गेल्यानंतर त्यांच्या दारात एवढी माणसं पहिल्यांदाच जमली होती.

"पण हबीबभाई," आमचे चेअरमन म्हणाले होते, "मिस्त्री म्हणतात, वरून काढलं की तळाचा गाळ राहतो."

"चेअरमनसाहेब, पोट साफ करायला तुम्ही काय घेता?"

"एरंडेल."

"वरून घेता ना? का मिस्त्रीकडून खाली बोल्ट पाडून घेतला?"

चेअरमन त्यानंतर गाळाबद्दल बोलले नाहीत.

"वरून घातलं ना? मग वरूनच काढायचं." हे त्यांचं वाक्य. तेलापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. कूलरमधलं शिळं पाणी ते खालची तोटी न सोडता वरून नळीनं ओढतात. आमच्या घरी लोणच्याची बरणी उपडी केलेली दिसली तर माझ्या बायकोला, पुष्पाला, सांगतात, "भाभी, त्रास देऊ नका तिला. चमचा वरून." एकदा सोसायटीच्या एका तापट सभासदाला समजवायला त्यांना पाठवलं, तर परत येऊन म्हणाले, "राग डोक्यातून आत गेलेला आहे. पाया पडून निघणार नाय. डोक्यातूनच काढावा लागेल." आणि खरंच त्या माणसाला घरी बसवून त्यांनी डोक्याला तेलाची मालीश करून दिली.

दर रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये त्यांचं थिएटर लागे. हबीबभाई पांढरा शुभ्र कुडता घालून येत. तेलाच्या कामाला पांढरा कुडता का, असं विचारलं तर सांगत, "डाग पडला तर समजायचं ऑपरेशन फेल." मी त्यांच्या शेजारी उभा. त्यांनी न बघता हात पुढं केला की मी त्या हातावर फडकं ठेवायचं. "पट्टी" म्हटलं की पट्टी. "नळी" म्हटलं की नळी. सोसायटीतली पोरं मला "सिस्टर साळवे" म्हणू लागली. मला ते आवडे. नोकरीत असताना मला सगळे भीत, नावानं कुणी हाक मारत नसे.

तेल निघालं की त्याचा एक थेंब टिपकागदावर टाकून तो कागद दोरीवर वाळत घालायचा. हा रिपोर्ट. रिपोर्ट ते गाडीच्या मालकाला एकट्याला बाजूला घेऊन सांगत, आणि तो गाडीपेक्षा मालकाचाच जास्त असे. "काजळी लई धरलीय. गाडी पहिल्या गिअरमध्ये ओढता तुम्ही. घरात काही टेन्शन आहे का?" चेअरमनना म्हणाले, "तुमची गाडी घर ते देऊळ, देऊळ ते घर. तिचा जीव गुदमरतो. महिन्यातून एकदा अजिंठ्यापर्यंत न्या, भाभींना पण न्या." चेअरमन खरोखर घेऊन गेले. आल्यावर चेअरमनीणबाईंनी हबीबभाईंना शिरखुर्म्याच्या वाटीच्या बदल्यात पुरणपोळ्यांचा डबा पाठवला, आणि तो शिरस्ता पडला.

आता त्या पाटीबद्दल सांगायला पाहिजे.

जुनं तेल काढल्यावर आणि नवं घालण्याआधी जो मधला वेळ असतो, त्यात इंजिन कोरडं असतं. त्या वेळात कुणी चावी फिरवली तर संपलंच. म्हणून हबीबभाई स्टेअरिंगला एक पाटी बांधत. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर लाल अक्षरात एकच शब्द: उपाशी. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या खाटेला अशी पाटी लावतात, म्हणजे कुणी प्रेमानं येऊन चहा पाजत नाही. "उपाशी माणसाला घोटभर पाजलं, तरी टेबलावर जीव जातो," हबीबभाई सांगत. "आपलेच लोक पाजतात, साळवेसाहेब. दुश्मन कधी पाजत नाय."

पाटी ते बँडेजच्या पट्टीनं बांधत. गाठ सर्जनची. आधी दोन वेढे, त्यावर उलटा एक. ही गाठ हातानं सुटत नाही, पट्टीच कापावी लागते. मला त्यांनी ती तीन रविवार शिकवली आणि चौथ्या रविवारी सोडून दिली. "राहू द्या," म्हणाले. "तुम्ही सिस्टरच बरे."

त्या रविवारी माझा मुलगा अमोल पुण्याहून आला होता. नवी गाडी, तेल बदलायला आलेली. तो म्हणाला, "बाबा, मी पुण्यात सेंटरला देतो." मी म्हणालो, "अरे, घरात डॉक्टर असताना दवाखाना कशाला?" मला त्याला दाखवायचं होतं. रिटायर झाल्यावर बाप काय करतो, कुणाबरोबर उभा राहतो, हे पोराला दिसावं असं वाटतं.

दुपारी चेअरमनच्या नातवाचं बारसं होतं. झाडून सगळी सोसायटी हॉलवर गेली. अमोल आणि पुष्पाही गेले. मी मागं राहिलो कारण त्या आठवड्यात टँकर उतरवून घ्यायची पाळी माझी होती. आमच्याकडं नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते सांगत नाही. बाहेरगावच्या वाचकांना मी थापा मारतोय असं वाटेल.

हबीबभाईंनी तेल काढलं. पाटी बांधली. नवा फिल्टर हातात घेतला तर त्याच्या रबरी कड्याला त्यांना केसाएवढी चीर दिसली. मला चष्मा लावूनही दिसली नाही. "हा नाय चालणार," ते म्हणाले. "शहागंजला जाऊन दुसरा आणतो. आपला दुकानदार शुक्रवारी बंद ठेवतो, रविवारी उघडा असतो." जाताना चावी माझ्या हातात दिली. "तुम्ही पेशंटचे नातेवाईक. कुणी पाणीसुद्धा पाजलं नाय पाहिजे."

ते स्कूटरवरून गेले आणि अर्ध्या तासात टँकर आला.

टाकीचं झाकण अमोलच्या गाडीच्या बरोबर मागं. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"काका, गाडी काढा."

"थोडं थांबा. येतीलच."

"कोण येतील? अजून चार सोसायट्या आहेत मला. काढता का जाऊ?"

मी गाडी न्यूट्रलला टाकून ढकलून पाहिली. चढ होता आणि मी पासष्टीचा. पोटात काहीतरी सरकल्यासारखं झालं. हर्निया माझा त्या दिवसापासूनचा, डॉक्टर काहीही म्हणोत. ड्रायव्हर केबिनमधून गंमत बघत होता.

टँकर परत गेला असता तर चार दिवस सोसायटीनं माझ्या नावानं खडे फोडले असते. म्हटलं, दहा पावलांचा तर प्रश्न आहे. इंजिनाच्या भिंतींना थोडं तेल असेलच चिकटलेलं. पाटीची गाठ सुटेना. चावीच्या धारेनं पट्टी कापली.

दहा पावलांत भागलं नाही. टँकरनं गेट अडवलेलं, म्हणून त्याला मागं घेऊन आधी मला बाहेर पडावं लागलं. बाहेर भाजीचा बाजार. वळायला जागा नाही, मागून रिक्षांचे हॉर्न. चौकापर्यंत गेलो, तिथून वळून आलो. समोरचा लाल दिवा चावी फिरवल्यापासून पेटलेला होता. तो मला दिसत नव्हता असं नाही. दिसत होता. परत येताना बॉनेटखाली खलबत्त्यात खडे कुटल्यासारखा आवाज सुरू झाला. टँकर रिकामा होईपर्यंत गेटबाहेर थांबलो. पुन्हा चालू केली तेव्हा ती कण्हत कण्हत जागेवर आली आणि मी चावी बंद करायच्या आत एक हिसका देऊन आपण होऊन बंद पडली.

मी खाली उतरलो. इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. टँकर गेला होता. मी पाटी उचलली आणि स्टेअरिंगला परत बांधली.

नोकरीत मी शेकडो बांध मोजले. शेजाऱ्याच्या रानात पावलभर सरकवलेले हद्दीचे दगड उकरून जागेवर आणले. शपथा घेऊन खोटं बोलणाऱ्या माणसांकडं मी चष्म्यावरून बघत असे. आणि मी स्वतः काय केलं, तर दगड हलवला आणि वरून माती सारखी केली.

हबीबभाई परत आले. नेहमीसारखा बॉनेटवर उलटा हात ठेवला. ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग दार उघडून स्टेअरिंगपाशी वाकले, खिशातून कात्री काढली, पट्टी कापून ती पाटीसकट खिशात टाकली. नवा फिल्टर लावला, नवं तेल घातलं, पट्टी बुडवून पाहिली. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, थकलेत.

तेवढ्यात मंडळी बारशाहून परतली. अमोलनं चावी फिरवली. टक. पुन्हा टक. इंजिन जागचं हललं नाही.

"काय केलं चाचा?" अमोलनं विचारलं.

हबीबभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तेलाच्या डब्याकडं पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "मेरे हाथ से कुछ तो गलती हो गई. माफ करना."

गाडी टोचन लावून नेली. वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, इंजिन तेलाशिवाय चाललेलं आहे. सोसायटीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. कुणी म्हणालं, म्हातारा तेल घालायला विसरला आणि मग घाईनं घातलं. कुणी म्हणालं, त्या पंपानं नको ते पण ओढून घेतलं. चेअरमननी पार्किंगच्या भिंतीवर रंगवून घेतलं: येथे तेलकाम करण्यास सक्त मनाई आहे. पुरणपोळ्यांचा डबा बंद झाला. अमोल सुट्टीला आला की जिन्यात हबीबभाई दिसले तर मोबाइलमध्ये बघत खाली उतरे.

मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. गाडी दुरुस्त झाली की सांगू. अमोलचा राग उतरला की सांगू. मग इतके दिवस झाले की आता सांगितलं तर 'आजवर का नाही' हाच प्रश्न मोठा झाला असता.

हबीबभाईंचं थिएटर बंद पडलं नाही. फक्त पेशंट एकच उरला, त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी. तिला ते भिंतीपलीकडं, गल्लीत लावू लागले. ती जेमतेम शुक्रवारच्या नमाजाला आणि बिडकीनच्या एका चुलतभावाकडं जाई. दोन महिन्यांनीही तिचं तेल मधासारखं स्वच्छच असे. तरी रविवारी ते पांढरा कुडता घालून यायचे, मधासारखं तेल वरून काढायचे, थेंब टिपकागदावर टाकायचे, उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट नॉर्मल." मग तेच तेल गाळून परत घालायचे. हात पुढं केला की मी पट्टी द्यायचो. बदल एकच झाला होता. चावी ते आता गळ्यातल्या दोरीत ओवून कुडत्याच्या आत ठेवत.

आणि मी थर्मास नेऊ लागलो. दर रविवारी, न चुकता. आलं घालून, त्यांना लागतो तसा गोड. पावसात नेला, ताप असताना नेला. पुष्पा एकदा म्हणाली, "माझ्यासाठी कधी कप विसळला नाही, आणि तिकडं थर्मास."

यंदा हर्निया फारच त्रास द्यायला लागला तेव्हा ऑपरेशन ठरलं. अमोल दुपारपर्यंत पोचणार होता. सकाळी पुष्पा घरून कपडे आणायला गेली तर हबीबभाई येऊन खाटेपाशी बसले. पांढरा कुडता. त्यांनी सिस्टरला तीन प्रश्न विचारले, सलाईनची नळी तपासली, माझ्या कपाळावर उलटा हात ठेवला आणि म्हणाले, "नॉर्मल."

मी मान वळवली तर खाटेच्या दांडीला पाटी होती. उपाशी.



"हबीबभाई," मी म्हणालो, "अमोलच्या गाडीला मी पाणी पाजलं होतं."

"हां."

"टँकर आला होता. मी चौकापर्यंत नेऊन आणली. तुम्ही तेल विसरला नव्हता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"बोलू नका जास्त. तोंड कोरडं पडंल."

"तुम्हाला कळतंय का मी काय सांगतोय?"

"साळवेसाहेब, बॉनेटला हात लावला तेव्हाच कळलं. तासाभरापूर्वी तेल काढलेली गाडी अशी भाजणारी कशी? नंतर पाटी बघितली." त्यांनी कुडत्याच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून बँडेजचा एक पिवळट तुकडा काढला आणि माझ्या छातीवर ठेवला. मधोमध गाठ होती, दोन कान वर काढलेली. "ही काय सर्जनची गाठ आहे? ही पायजम्याची आहे. सोसायटीत असा पायजमा बांधणारं दुसरं कोण आहे?"

मला हसू आलं आणि हर्निया दुखला.

"हे जपून ठेवलंत?"

"लई दिवस वाटलं, चेअरमनला नेऊन दाखवावं."

"मग दाखवलं का नाहीत?"

त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. 

"तुम्हीच एकदा सांगितलं होतं. मोजणीला गेल्यावर बांध कोरणारा माणूस कसा ओळखायचा."

मला आठवलं. मी सगळ्यांना ते सांगत असे. माझा हातखंडा किस्सा होता तो. बांध कोरणारा माणूस बोलण्यावरून कळत नाही. रानात पोचलो की जो सगळ्यांत आधी चहा मागवतो, तो.

"दुसऱ्या रविवारी तुम्ही थर्मास घेऊन आलात," हबीबभाई म्हणाले. "म्हटलं, चला, कबुली मिळाली. आता आणखी काय लिहून घ्यायचं?"

"पण सात वर्षं, हबीबभाई."

"रुखसाना तिकडं. तिची अम्मी वर. सोसायटीतलं बाकी कुणी येईना झालं. मी तोंड उघडलं असतं, तर तुम्ही शरमेनं यायचे बंद झाला असता. थर्मास पण बंद." त्यांनी तो तुकडा माझ्या छातीवरून उचलला, घडी घालून पाकिटात ठेवला. "नावाचं काय, साळवेसाहेब. नाव घेऊन मी चहा कुणाबरोबर प्यायचा होता?"

तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. हबीबभाईंनी त्याला दोन्ही बाजूंच्या दांड्या लावायला लावल्या आणि थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचर स्वतः धरलं. दारात थांबून म्हणाले, "बोळे मोजा रे नीट." आतली डॉक्टरीणबाई हसली. ते हसत नव्हते.

टाके निघाल्यावर मी पहिलं काम केलं ते अमोलला सांगायचं. तो म्हणाला, "चाचांना द्या फोन." मी खाली जाऊन फोन त्यांच्या हातात दिला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "अरे नाय बेटा... नाय नाय... रडतो काय येड्यासारखा... बाप आहे तुझा... हां... बरं, ते सोड. आत्ताच्या गाडीचा फिल्टर कधी बदलला?"

नंतर सोसायटीची मीटिंग आली. गच्चीवर सतरंजी. कार्यक्रमपत्रिकेवर शेवटी 'ऐन वेळचे विषय' असतात, तिथं मी उभा राहिलो.

"विषय पाण्याचाच आहे ना?" चेअरमननी विचारलं.

"हो. टँकरपासूनच सुरू होतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. लाल दिवा दिसला होता तेही सांगितलं. गाठीचंही सांगितलं. सांगता सांगता पाण्याच्या टाकीला टेकलो.

चेअरमननी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तो बोर्ड आता पुसायचा का?" ते म्हणाले. "दिवाळीलाच ऑईलपेंट मारून घेतलाय." मागून कुणीतरी हसलं आणि मग सगळेच थोडे सैल झाले. चेअरमनीणबाई उठल्या आणि हबीबभाईंशेजारी रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या.

हबीबभाई माझ्यावर भडकले होते. जिना उतरताना म्हणाले, "थिएटरमधली गोष्ट सिस्टरनं बाहेर बोलायची नसते." पण जिना ते दोन-दोन पायऱ्यांनी उतरत होते.

रविवारी मी इतकी वर्षं मिस्त्रीकडं नेत होतो ती माझी गाडी पार्किंगमध्ये लावली, बरोबर त्या बोर्डाखाली. बोर्डावरचा 'सक्त' कुणीतरी खरवडून टाकला होता. बाकीचं राहिलं होतं. चेअरमन आपली गाडी घेऊन मागं नंबर लावून उभे होते. हबीबभाई पांढऱ्या कुडत्यात आले. हात ठेवला. "पट्टी." दिली. "नळी." दिली. दांडा खालीवर झाला, तेल नळी चढू लागलं, आणि शेवटी नळीच्या टोकाशी बशीतला चहा भुरकल्यासारखा आवाज आला. त्यांनी पाटी बांधली. दोन वेढे, त्यावर उलटा एक.

मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली. तिच्यात माझ्या गाडीची चावी होती. सकाळी मी त्यांना दिली होती, त्यांनी नेहमीसारखी आत ठेवली होती. दोरीसकट ती माझ्या तळहातावर ठेवली.

"धरा," म्हणाले. "आज चहा मी आणतो."

ते जिना चढून गेले. नवं तेल अजून घालायचं होतं. चेअरमन पेपर वाचत होते. आणि गेटवर हॉर्न वाजला.

टँकर होता. ड्रायव्हर नवा. त्यानं माझ्या गाडीमागचं टाकीचं झाकण पाहिलं आणि डोकं बाहेर काढलं.

"काका, गाडी काढता का जाऊ?"

चेअरमननी पेपर खाली केला. वरच्या गॅलऱ्यांतून दोन-तीन बायका वाकल्या. चार दिवस पाणी नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"थांबलात तर चहा मिळेल," मी म्हणालो. "पण गाडी हलणार नाही. उपाशी आहे."

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. पण त्यानं इंजिन बंद केलं. पायऱ्यांवर कपांचा आवाज आला. हबीबभाई ट्रे घेऊन उतरले, टँकरकडं एकदा पाहिलं, माझ्या मुठीकडं एकदा पाहिलं. ट्रे डाव्या हातावर घेतला आणि उजवा हात उलटा करून बॉनेटवर ठेवला. डोळे मिटले. चार-पाच श्वास.

"ताप उतरलाय," ते म्हणाले, आणि पहिला कप मला दिला.